बाकावरचे बारा चिंचोके

सर, तुमच्या दशक्रियेला मी पाऊण तास दुसऱ्याच माणसावर चिडत बसलो होतो.

त्याचं असं झालं. बेलापूरच्या घाटावर त्या दिवशी तीन मांडव होते. हिला रस्त्यावर उतरवून मी मोटारसायकल लावायला गेलो. जाताना हिनं बजावलं होतं, तिसरा मांडव. मी तिसराच मोजला, पण नदीच्या बाजूनं. जाऊन बसलो. प्रवचन संपून श्रद्धांजल्या सुरू झाल्या होत्या. कोणी एक पुढारी माईकवर सांगत होते की, आण्णांनी उभ्या आयुष्यात कुणाला टाकून बोललं नाही. गावात तुम्हालाही आण्णाच म्हणायचे, त्यामुळं मला शंका यायचं कारण नव्हतं. म्हटलं, घ्या. मेल्यावर माणसाचं काय काय होतं. मग दुसरे उठले. आण्णांच्या दारातून कुणी विन्मुख गेलं नाही, म्हणाले. तिसरे म्हणाले, आण्णांच्या तोंडून शिवी कुणी ऐकली नाही. इथं माझा तोल गेला आणि मी जरा मोठ्यानंच बोललो, “साफ खोटं.”

शेजारचे टॉवेल पांघरलेले म्हातारे माझ्याकडं वळले. बराच वेळ न्याहाळून त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, “तुमी भाऊबंदापैकी का?”

मी म्हटलं, नाही, विद्यार्थी.

“आण्णा कवा मास्तर हुते?”

तेव्हा कुठं मी समोरच्या फोटोकडं नीट पाहिलं. फेटा, भरघोस मिशी, पाठीमागं ट्रॅक्टर. तुम्ही तर जन्मात मिशी ठेवली नाहीत. मिशीनं शिट्टीत वारा अडतो, असं तुमचं शास्त्र होतं. मी हात जोडून मागच्या मागं निघालो. ते म्हातारे आजही कुठंतरी सांगत असतील की, आण्णांवर जळणारा एक इसम दहाव्यालासुद्धा आला होता.

तुमच्या मांडवात पोचलो तोवर लोक चपला शोधत होते. कावळा लगेच शिवला म्हणे. पिंड ठेवला आणि हा आला. म्हणजे तुमची कसलीच इच्छा मागं राहिली नव्हती. माझी राहिली होती, पण कावळ्याला तिच्याशी काय देणंघेणं?

तर सर, माईकवर जे बोलायला मी आलो होतो ते राहूनच गेलं. एका परीनं बरं झालं, मी काही चांगलं बोलणार नव्हतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ही सोय गेलेल्यांनीच जाण्याआधी करून ठेवलेली असणार. मी ती पाळणार नाही. तुम्ही आमच्याबद्दल आम्ही जिवंत असताना, तोंडावर आणि मुलींच्या देखत बोलत होता. मी निदान कागदावर बोलतोय.

तुम्ही वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. तुम्ही हट्टी, कुजकट आणि चूक कबूल न करणारे होता. कॉलेजात तुमचा हुद्दा शारीरिक शिक्षण संचालक असा पाटीवर लिहिलेला होता, पण संचालन करावं असं तिथं काही नव्हतं. एक उतरतं मैदान, त्यात गाजरगवत, कडेला चिंचेची तीन झाडं आणि एक खोली. खोलीत दोन भाले, त्यातला एक वाकडा. तुम्ही आलात आणि आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुट्ट्या संपवल्या. साखर कारखान्याच्या बॉयलरची राख ट्रॅक्टरनं आणवलीत, ती आमच्याकडून घमेल्यांनी पसरवलीत, पाणी मारून दगडी रूळ आमच्याच खांद्यांनी ओढवलात. अशी ती चारशे मीटरची काळी धावपट्टी झाली. पडलं की गुडघ्यात राख जायची आणि कातडीखाली निळी होऊन कायमची राहायची. माझ्या डाव्या गुडघ्यावर तुमच्या धावपट्टीचा नकाशा अजून आहे. माझ्या मुलीला लहानपणी वाटायचं, बाबांनी गोंदवून घेतलंय.

आमच्यातल्या कुणाला तुम्ही नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही. लांब उडीवाला बेडूक, शंभर मीटरवाला उधारी, कारण मागितली की तो पळायचा. मी पाव्हणा. का, तर मी पळताना कुणाच्या घरी जेवायला निघाल्यासारखा दिसतो म्हणे. “पाव्हणं, घाई करा, पंगत उठली.” हे तुम्ही धावपट्टीच्या कडेनं सायकल चालवत, एका हातात स्टॉपवॉच धरून ओरडायचात. पण त्या स्टॉपवॉचमध्ये किती वेळ दिसतोय हे कधी सांगितलं नाहीत. विचारलं तर म्हणायचात, “येळ माझ्यापाशी राहू दे. तू पाय घेऊन ये.”

आता न्यायानं बोलायचं तर, पाव्हण्याला मैदानावर आणलं तुम्हीच. नेवाशाकडच्या आमच्या वस्तीवर तुम्ही सायकलवरून आला होता, भर उन्हात. वडील ऊस बांधणीत होते. तुम्ही बांधावर उभं राहून त्यांना म्हणालात, पोरगं पळतंय, त्याला सकाळचं सोडा. वडिलांनी विचारलं, पळून जायचंय कुठं? तुम्ही म्हणालात, पोलिसात. विद्यापीठाच्या स्पर्धेत खेळल्याचा कागद हातात आला की भरतीत खेळाडूंच्या जागा असतात. वडिलांनी तुमच्याकडं, मग माझ्याकडं पाहिलं आणि विळा कमरेला खोचून म्हणाले, न्या. माझ्या बाबतीत एवढ्या चटकन त्यांनी दुसरा कुठलाही निर्णय घेतला नाही.

त्यानंतरची तीन वर्षं मी पहाटे उठलो. बाकी माझ्या कारकिर्दीत सांगण्यासारखं काही नाही, पण पहाटे उठलो हे खरं. पाच हजार मीटर. साडेबारा फेऱ्या. पाचव्या फेरीला पोटात दुखायला लागतं, आठव्याला आपण हे का करतोय असं वाटतं आणि दहाव्याला आपण मेलो तर किती बरं होईल असं वाटतं. अकराव्याला काही वाटत नाही. त्या अकराव्या फेरीसाठी मी पळायचो, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही त्याचीही टर उडवली असती.

आणि चिंचोके. तंबाखू सोडल्यापासून तुमच्या खिशात भाजलेले चिंचोके असायचे. काकू मिठाच्या पाण्यात भिजवून भाजून द्यायच्या. तुम्ही दिवसभर कडाकड फोडत असायचात. तुमचं कौतुकसुद्धा त्यातच असायचं. शाबास वगैरे शब्द तुम्हाला माहीत नव्हते. चांगली उडी पडली, चांगला गोळा गेला, की तुम्ही खिशात हात घालून एक चिंचोका काढायचात आणि तो समोरच्याच्या तळहातावर ठेवायचात. बस. पोरं तो गालात धरून दिवसभर मिरवायची. मला तीन वर्षांत चार मिळाले. मला पगारवाढी आठवत नाहीत, ते चार आठवतात. याचाही मला राग आहे.

फेऱ्या मोजायलाही तुम्ही तेच वापरायचात. अंतिम रेषेपाशी लाकडी बाक, बाकावर ओळीनं बारा चिंचोके. पळणारा पहिली अर्धी फेरी पुरी करून समोर आला की बारा उरल्या. पुढं प्रत्येक वेळी तो समोरून गेला की तुम्ही बोटानं एक चिंचोका टिचकी मारून खाली उडवणार. ओळीत एकच राहिला की घंटा. शेवटची फेरी. कागदावर काट्या मारणाऱ्या पंचांना तुम्ही हसायचात. कागद वाऱ्यानं उडतो, चिंचोका उडत नाही, म्हणायचात.

मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा विभागीय स्पर्धा आपल्या मैदानावर आल्या. एकदाच आल्या, पुन्हा आल्या नाहीत. तुम्ही आठ दिवस झोपला नसाल. डब्याला भोकं पाडून तुम्ही स्वतः चुन्याच्या रेषा आखल्यात आणि एका रेषेवरून कॉलेजचं कुत्रं चालत गेलं तर त्याला दगड मारायला अख्खं मैदान ओलांडलंत. पाच हजारला पंच कमी पडले, म्हणून फेऱ्या आणि घंटा यजमान कॉलेजच्या सरांनीच बघावी असं ठरलं. म्हणजे तुम्ही. नियमाला धरून नव्हतं, पण सगळे तुम्हाला ओळखत होते, कुणी हरकत घेतली नाही.

वडील आले होते. धुतलेलं धोतर, नवी टोपी. चिंचेखाली उभे होते, बसले नाहीत. पहिले तीन विद्यापीठाला जाणार होते.

पळालो, सर. तेवढं तुम्ही पाहिलंत. सहाव्या फेरीपासून मी पुढं होतो. नवव्याला मागं वळून पाहिलं तर मागचा पोरगा शंभर पावलं तरी मागं. तुमची शिकवण, मागं बघायचं नाही, पण बघितलं. बाक ओलांडताना मला दरवेळी तुमची पाठ दिसायची. तुम्ही घड्याळाकडं बघत असायचात, बाकाच्या दुसऱ्या टोकाला गोळाफेक उरकलेल्या पोरी बसल्या होत्या, माणसांची गर्दी होती. पुढच्या एका फेरीला तुम्ही घंटा वाजवलीत.

मी मोजत नव्हतो. कबूल. मी अकराव्या फेरीच्या त्या काही-न-वाटण्यात होतो. घंटा ऐकली आणि जे होतं नव्हतं ते सगळं त्या फेरीत घातलं. शेवटच्या वळणावर मला काही दिसत नव्हतं. रेषा ओलांडली आणि तुमच्या राखेत पालथा पडलो. तोंडात राख, डोळ्यांत पाणी, आणि मी हसत होतो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा काळ तो, साधारण अर्धं मिनिट.

मग कुणीतरी ओरडलं, अजून एक फेरी हाय.

बाकीच्यांना त्यांचे त्यांचे सर कडेला उभे राहून मोजून सांगत होते. घंटा वाजली तेव्हा ते आपापल्या पोरांना ओरडले, चुकीची हाय, दोन राहिल्यात, दमानं घे. मला ओरडायला कुणी नव्हतं. माझे सर घंटेपाशी होते.

मी उठलो. हेही तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत, मी उठलो आणि पळालो. त्याला पळणं म्हणता येत असेल तर. पाव्हणा जेवून घरी निघाला होता म्हणा. एक गेला, दुसरा गेला, रेषेच्या वीस पावलं अलीकडं तिसरा गेला. चौथा आलो.

मुख्य पंच येऊन म्हणाले, घंटा चुकली हे आम्हाला दिसलंय, तुम्ही लेखी हरकत द्या, उद्या सकाळी पुन्हा पळवू. सगळ्यांसमोर म्हणाले. आणि सगळ्यांसमोर तुम्ही काय म्हणालात? “हरकत न्हाई. घंटा आमची, पोरगं आमचं. आपल्याच घंटेवर आपनच हरकत घ्यायची का?” मग माझ्याकडं वळलात. मी अजून वाकून उभा होतो. मला वाटलं, आता म्हणाल. एक शब्द. तुम्ही म्हणालात, “फेऱ्या पळनाऱ्यानं मोजायच्या असत्यात. मी बारा ठेवले हुते.”

मी बारा ठेवले हुते. झालं. एवढंच.

वडील एकटेच चालत स्टँडवर गेले. संध्याकाळी घरी ते आईला सांगत होते, “पळतो चांगला. पन थांबतो लवकर.” ही म्हण आमच्या घरात अजून वापरात आहे. मी नोकरीचा फॉर्म अर्धवट सोडला, जिन्यावर दम खाल्ला, व्यायाम दोन दिवसांत बंद केला, की कोणी ना कोणी म्हणतंच.

पोलीस झालो नाही. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लागलो. तीस वर्षं उसाच्या गाड्यांची वजनं घेतोय. माझी एकही गाडी मोजण्यात चुकलेली नाही, हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो. एखाद्या गाडीवाल्यानं वजनावर हरकत घेतली तर मी गाडी पुन्हा काट्यावर घेतो. न कुरकुरता घेतो.

आणि मी ही गोष्ट सांगायला लागलो. लग्नकार्यात, बारशात, वास्तुशांतीत, जेवणं उरकून माणसं पानाला टेकली की कोणीतरी म्हणतंच, दाजी, ती घंटेची होऊ द्या. दाजी लाजत नाहीत. मी तुमची नक्कल करतो, सर. शिट्टी, सायकल, “पाव्हणं, पंगत उठली”, सगळं. लोक पोट धरून हसतात. माझी मुलगी ती गोष्ट माझ्याआधी म्हणते. फक्त ही बसत नाही. घंटेपाशी आलं की हिला नेमकं गॅसवरचं दूध आठवतं. मी म्हणायचो, हिला माझा पराभव ऐकवत नाही. बरं वाटायचं.

ही म्हणजे सुनंदा. तुमचीच गोळाफेकवाली, बेलापूरची. त्या स्पर्धेच्या वर्षी पहिल्या वर्षाला होती. आमचं स्थळ तुम्हीच जमवलंत, हे मी आज लेखी मान्य करतो. मी तुमच्याशी बोलत नव्हतो, म्हणून तुम्ही पुन्हा एकदा सायकलनं आमच्या बांधावर गेलात आणि थेट वडिलांशी बोललात. पोरगी खंबीर हाय, म्हणालात, तुमच्या पोराला उचलून ठिवंल. वडील खूश. त्या दोघांच्या मैत्रीत मी कुठंच नव्हतो.

लग्नात तुम्ही आलात. तुम्ही आणि काकू. लोक ताटं, वाट्या, पंखे देत होते. तुम्ही हिच्या हातात एक स्टीलची डबी ठेवलीत. मी तिथंच उघडली. आत चिंचोके. मांडवातले कॉलेजवाले ते बघून फिस्सकन हसले. तुम्हीही हसलात, हिच्याकडं बघून. माझ्याकडं नाही. बोहल्यावर, मुंडावळ्या बांधलेल्या माणसाला त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या फजितीची आठवण आहेर म्हणून द्यायची, ही खोड तुमचीच. त्यानंतर सहा वर्षं मी तुमच्या गल्लीतून गेलो नाही. डबी मी कचऱ्यात टाकायला निघालो होतो, हिनं काढून घेतली.

मग पुढं वय झालं. शुगर निघाली, तुमची आणि माझी एकाच वर्षी. राहात्याच्या बाजारात तुम्ही भेटलात, पेरू निवडत होता. मी म्हटलं, सर, एक विचारायचंय. तुम्ही म्हणालात, गुडघा कसा हाय? नंतर एका साखरपुड्यात मी पुन्हा विषय काढला. तुम्ही म्हणालात, पाव्हणं, पोट लई सुटलं, आता घंटा वाजली तरी ऐकू जायची न्हाई. सगळे हसले. मीही हसलो, तुमच्या विनोदावर हसायची शरीराला सवयच होती.

मला तुमच्याकडून काय हवं होतं? फार नाही. नोकरी नको होती, ती वेळ गेली. “चुकलं रे” एवढं हवं होतं. दोन शब्द. चारचौघात नको, एकट्यात चाललं असतं. तीस वर्षं मी तेवढ्यासाठी तुमच्या मागं पळालो, आणि ही फेरी काही संपेना.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा कॉलेजनं शाल दिली, नारळ दिला. भाषणात कोणी म्हणालं, सरांनी एकही राष्ट्रीय खेळाडू घडवला नाही, पण जिल्ह्यातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सरांचा एक पोरगा आहे. टाळ्या. मी मागच्या रांगेत होतो. मनात म्हटलं, एक पोरगा काट्यावर पण आहे. त्याचंही नाव घ्या.

एकदा कारखान्याच्या आवारात आमच्या वॉचमनचा मुलगा भरतीसाठी पळत होता. फेंगडा पळत होता. मी काट्याच्या खिडकीतून ओरडलो, खांदे सोड, श्वास तीन पावलांचा घे. तो सुधारला. लागलाही भरतीत. आणि ओरडताना माझ्या लक्षात आलं की आवाज तुमचा आहे. खिडकी लावून घेतली.

शेवटच्या भेटीचं सांगतो, मग थांबतो. लवकर थांबण्यात माझा हातखंडा आहेच.

तुम्ही अंथरूण धरलं तेव्हा ही दर आठवड्याला यायची. मी बाहेरून बाहेर सोडून जायचो. त्या दिवशी हिनं ओढत आत आणलं. तुम्ही खाटेवर होता, इतके बारीक की तुमचा शर्ट तुमच्या थोरल्या भावाचा वाटावा. पण नजर तीच. काकूंनी खुर्ची दिली. ही दारात उभी राहून मोसंबी सोलत होती. तुम्ही गुडघ्याचं विचारायच्या आत मी विचारून टाकलं. म्हटलं, सर, आता कुणी पंच नाही, कुणी ऐकायला नाही. एकदा सांगा. चुकलं होतं ना?

तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मग माझ्या खांद्यावरून मागं दाराकडं पाहिलंत. मला वाटलं, बोलणार. तुम्ही ओठ ओले केलेत आणि अगदी हळू म्हणालात, “मी बारा ठेवले हुते.”

मोसंबीची फोड खाली पडली. ही म्हणाली, दूध बघून येते, आणि आत गेली. काकूंच्या घरातसुद्धा हिला दूधच आठवलं.

मी उठलो. मी तुमच्या पाया पडलो नाही, सर. अख्ख्या आयुष्यात तुमच्या घरातून पाया न पडता निघालो असा तो एकच दिवस. हिनं पडून घेतलं, बराच वेळ वाकून होती. मी बाहेर मोटारसायकलला किका मारत होतो. मोटारसायकल बटणावर चालू होते, तरी मारत होतो. आठ दिवसांनी फोन आला.

तेव्हापासून मला झोप नाही, आणि त्याचाही राग मला तुमच्यावरच आहे. माणसानं मरताना निदान समोरच्याला बरोबर ठरवून जावं. तुम्ही मला बरोबरही ठरवलं नाहीत आणि पाया न पडल्याची बोच मात्र देऊन गेलात. हा कुठला हिशेबीपणा? तुमचे बारा तुमच्यापाशी. मी तुम्हाला माफ केलेलं नाही. मी तुमच्यासाठी रडलोही नाही. घाटावर त्या दुसऱ्या आण्णांच्या फोटोला हात जोडले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते त्यांच्यासाठी होतं. बिचारे कुणाला टाकून बोलले नव्हते.

रोज सकाळी डॉक्टरांच्या हुकमावरून मी कारखान्याच्या कॉलनीला फेऱ्या मारतो. साडेबाराच मारतो. आता मोजतो.

हे इथवर लिहून आज दुपारी हिला वाचायला दिलं. ही ओट्यापाशी उभ्या उभ्या वाचत होती. मी समोर बसून कुठल्या जागी हसते ते बघत होतो. मांडवाच्या ठिकाणी हसली. घंटेच्या ठिकाणी दूध आठवलं नाही. गॅसवर दूध नव्हतंच. शेवटपर्यंत वाचलं, कागद सरळ केले, फडताळ उघडलं आणि ती लग्नातली डबी काढून माझ्यासमोर ठेवली. वरचं मी काही खोडलेलं नाही, सर. ही जे बोलली ते तेवढं खाली उतरवून ठेवतो.

ही म्हणाली, “बाकावरचा एक चिंचोका मी खाल्ला होता. मी त्या दिवशी गोळ्यात पहिली आले होते, सरांचं लक्ष घड्याळात, त्यांनी काही दिला नाही. मी नवी होते, मला काय ठाऊक त्यावर फेऱ्या मोजतात. म्हटलं, आपलं बक्षीस आपण घ्यावं. तुम्ही राखेत पडलात तेव्हा तो माझ्या गालातच होता. सरांनी आधी बाकाकडं पाहिलं, मग माझ्या गालाकडं. हरकत लिहायची तर कारण लिहावं लागलं असतं. संध्याकाळी मी रडत सांगायला गेले, तर म्हणाले, गप. तुझं नाव निघालं तर तुझा बाप उद्याच तुला घरी बसवील. पाव्हण्याला माझ्यावर चिडू दे, माझी पाठ रुंद हाय. लग्न ठरलं तेव्हा म्हणाले, आता तूच सांग, तुला जमंल तवा, तवर मी बोलनार न्हाई. मला जमलं नाही. तुम्ही दर लग्नात ती गोष्ट सांगायला लागलात, लोक हसायला लागले, मग कुठल्या तोंडानं सांगू? त्या दिवशी दारात मोसंबी सोलताना वाटलं, आता तरी. तरी नाही जमलं. ही डबी सरांनी तुम्हाला चिडवायला नव्हती दिली, मला दिली होती. तीस वर्षं या फडताळात आहे. तुम्ही काट्यावरचा माणूस, पण एकदाही मोजून बघितले नाहीत. अकरा आहेत.”